उसवलेला किमोनो

आई, मी तुझा किमोनो उसवला. हे आधी सांगून टाकते, नाहीतर चार पानं इकडचं तिकडचं लिहीन आणि मुद्द्यावर येणारच नाही, मला ती खोड आहे. सगळा उसवला. बाह्या, गळपट्टी, पुढच्या पट्ट्या, आतली ठिगळं, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. रिठ्याच्या पाण्यात धुतला, पेज लावली, फळीवर ताणून सावलीत वाळवला, अगदी तू करायचीस तसा. आता तो पलंगावर लांब पट्ट्या होऊन पडलाय आणि मी खुर्चीत बसून त्याच्याकडे बघतेय. रविवारी पुण्याहून एक मुलगी तो न्यायला येणार आहे. तोवर तो परत किमोनो व्हायला पाहिजे, आणि कुठली पट्टी कुठं होती हे मला धड आठवत नाही.  चहासुद्धा गोड लागला नाही.

ती मुलगी कोण, ते सांगते. दसऱ्याच्या आधी घर साफ करायला काढलं तेव्हा सुनेनं तुझी ट्रंक उघडली. सून म्हणजे माझ्या मुलाची बायको, तू पाहिली नाहीस, गडमुडशिंगीकडचीच आहे आणि बोलायला फटकळ आहे. तिनं किमोनो दोरीवर टाकून मोबाईलवर फोटो काढला आणि कुणाकुणाला पाठवला. फिरत फिरत तो पुण्याला या मुलीपर्यंत पोचला. ती एका चित्रदालनात काम करते. जपान लढाई हरल्यावर तिथं परक्या फौजा पहाऱ्याला आल्या, त्यातल्या शिपायांशी लग्न करून ज्या बायका देश सोडून गेल्या, त्यांच्या हातच्या कामाचं प्रदर्शन ती भरवतेय. बहुतेक जणी अमेरिकेला गेल्या, काही ऑस्ट्रेलियाला, काही इंग्लंडला. एक जण म्हणे नवऱ्याच्या फाटक्या मोज्यांच्या बाहुल्या करायची आणि त्यांना आपल्या गावच्या बायकांचे चेहरे द्यायची. एक जण भांडी घासून झाली की स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रं काढायची; पोरांना वाटायचं आई हिशेब लिहितेय. एक जण रस्त्याकडेच्या तणांची फुलं आणून अशी मांडायची की शेजारणी येऊन बघत उभ्या राहायच्या. त्यांच्या कामाचे फोटोच येणार आहेत बरेचसे. हिंदुस्थानात आलेली तिला तू एकटीच सापडलीस.

ती तुला ‘युद्धवधू’ म्हणते. मी म्हटलं, अगं बाई, तिनं कोल्हापुरात चटणी कुटली, पोरं वाढवली, भाजीवाल्याशी भांडली, आणि अजून वधूच का? ती हसली. मग म्हणाली, जपानात हा शब्द नाक मुरडून म्हणायचे, त्या बायका म्हाताऱ्या झाल्या तरी तो ऐकला की गप्प व्हायच्या. मला हे माहीत नव्हतं, आई. तू असली कुठली गोष्ट कधी सांगितलीच नाहीस. छावणीत शिपायांचे कपडे शिवायला जायचीस आणि तिथं पहाऱ्याला आलेल्या हिंदी पलटणीतले आबा भेटले, एवढंच मला ठाऊक. सत्तरी गाठल्यावर परक्या पोरीच्या तोंडून फोनवर ऐकायचं की आपल्या आईला तिच्या गावानं काय म्हटलं असेल. राग आला मला तुझा. नंतर रडू आलं, पण आधी राग आला.

त्या मुलीनं मला बजावलं होतं, ‘मावशी, आहे तसाच ठेवा. धुऊ नका, इस्त्री करू नका, हातसुद्धा कमी लावा.’ मी हो हो म्हटलं, आणि फोन ठेवून रिठे भिजत घातले. आता याला काय म्हणावं? डांबराच्या गोळ्यांचा वास येणारं कापड परगावी पाठवायचं, लोक बघायला येणार, आणि त्यावर तुझं नाव लागणार. चार बायका म्हणतील, लेक होती की नव्हती? घरातून माणूस निघालं तर त्याला न्हाऊ घालून पाठवतो आपण. आणि तुझा किमोनो धुवायचा म्हणजे उसवायचा, हेच मी लहानपणापासून बघितलेलं. दुसरी रीत मला माहीतच नाही. मी टीव्ही बघत बघत उसवला गं. मालिका चालू होती, त्यातली सासू कुणावर तरी ओरडत होती, आणि माझी बोटं आपोआप टाके काढत होती. एका जागी जरा थांबून बघितलंसुद्धा नाही. तू उसवलेला दोरा पुठ्ठ्यावर गुंडाळून ठेवायचीस. मी म्हटलं, कुजलाय, आणि केरात टाकला. केराची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळीच गाणं वाजवत आली आणि गेली.

माघातलं ऊन तापायला लागलं की तुझं ते काम निघायचं. गुळाच्या बाजारामागची आपली खोली, आबा अडतीवर गेलेले, बाजारातून येणारा तो गोड, जड वास, माश्या. तू दारात पाट टाकून बसतेस, हातात तुझी ती बिनकड्यांची, चिमट्यासारखी कात्री. एक टाका कापतेस, धाग्याचं टोक धरतेस आणि ओढतेस. शिवण सरसर उघडत जाते, मध्ये कुठं अडत नाही. मी तोंडात बोट घालून बघत राहते. एवढा मोठा झगा, आणि बघता बघता नुसत्या सरळ पट्ट्या. त्यात कुठं गोलाई नाही, तिरका काप नाही, जास्तीचं कापड सगळं शिवणीत दुमडून आत ठेवलेलं. मग त्या पट्ट्या टोकाला टोक जोडून तू एक लांबच लांब कापड करतेस, तुझ्या आईच्या मागावरून उतरलं होतं तसं. सूत आधी जागोजागी बांधून निळीत बुडवायचं, मग सोडून विणायचं, म्हणून त्यावरच्या पांढऱ्या फुलांच्या कडा जरा विस्कटलेल्या दिसतात, असं तू एकदा सांगितलं होतंस. तुझ्या आईबद्दल तू बोललेलं मला आठवतं ते एवढंच. धुऊन झालं की पातळ पेजेत बुडवायचं, वखारीतून आणलेल्या लांब फळीवर हातानं चोपून बसवायचं. ‘तिकडं शेवाळाची खळ असती,’ तू म्हणायचीस, ‘हितं पेज. काय बिघडत न्हाय.’

शिवून झाला की वर्षातून एकदाच तू तो घालायचीस, दार लावून. कमरेला दुसरं काही नव्हतं म्हणून आबांचा जुना पटका घडी करून बांधायचीस. स्टोव्हवर बिनदुधाचा चहा करायचीस, एक कप मला, एक तुला, आणि भिंतीकडे तोंड करून बसायचीस. मला त्या चहाची चव मुळीच आवडायची नाही पण बोलायची टाप नव्हती. आबा त्या दिवशी अडतीवरून लवकर येऊन बाहेर पायरीवर विडी ओढत बसायचे. कुणी विचारलं, दार का लावलंय, तर ठरलेलं उत्तर, ‘घरात पावणी आलीया. जरा दमानं बोला.’ गल्लीत हसायचे लोक. मला मात्र त्या शब्दाची भीती वाटायची. पावणी म्हणजे जाणारच की कधी तरी.

हे मंगळवारी लिहिलं होतं. आज गुरुवार. काल मी त्या मुलीला फोन केला. खरं सांगायला केला होता, देवाशप्पथ. पण तोंडातून निघालं भलतंच, ‘तुम्ही नक्की काय दाखवणार हो त्यात?’ ती उत्साहानं बोलायला लागली. म्हणाली, किमोनो ढिगानं मिळतात, मावशी, कापड आम्हाला नकोच आहे. फोटोत गळ्यापाशी एक कोपरा उलटला होता, तिथं आतल्या ठिगळावरचे टाके दिसले, म्हणून तर मी तुमच्यापर्यंत आले. आम्ही तो उलटा टांगणार आहोत, आतली बाजू लोकांना दिसेल असा.

मी ‘बरं बरं’ म्हटलं आणि फोन ठेवला. तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले. सून धावत आली, साखर कमी झाली काय म्हणून.

टाके, आई. किमोनो जिथं झिजायचा तिथं तू आतून ठिगळ लावायचीस, जुन्या धोतराचं, आबांच्या खाकीचं, माझ्या फ्रॉकचं, जे हाताशी असेल ते. आणि पांढऱ्या दोऱ्यानं त्यावर धावटाक्याच्या ओळी घालायचीस, एकीला लागून एक. त्यातून नक्षी उठायची. मी अगदी लहान होते तेव्हा त्या तुझ्याकडच्या असायच्या, एकात एक अडकलेल्या लाटा, कसल्या तरी पानांच्या टोकदार चांदण्या. मग हळूहळू आपल्याकडच्या यायला लागल्या. चातुर्मासात शेजारीण दारात गोपद्मं काढायची ती एका वर्षी खांद्यावर आली. उसाची पेरं आली. एकदा पाठीवर नुसत्या आडव्या ओळी होत्या, मी विचारलं हे काय, तर म्हणालीस, शेत. दर माघात उसवायचीस आणि दर वर्षी नवं घालायचीस, जुनं कुठंच ठेवायचं नाही. मला ते ठिगळ वाटायचं. गरिबी वाटायची. आता त्याला कला म्हणतात, काच लावून दाखवतात. तू गेलीस त्या वर्षी माघात जे घातलं होतंस ते तेवढं राहिलं होतं. तुझ्या हातचं तेवढंच राहिलं होतं जगात, आणि ते मी मालिकेतल्या सासूचं भांडण ऐकत ऐकत काढून टाकलं.

तू गावात आलीस तेव्हा कुणाला तुझं बोलणं कळेना, तुला कुणाचं कळेना. आजी भर दुपारी गल्लीतल्या बायकांना घेऊन वाकळ शिवायला बसली होती, तू जाऊन एका कडेला बसलीस, सुई मागितली हातानंच. संध्याकाळी आजीनं तुझी ओळ नखानं चाचपून बघितली आणि आबांना म्हणाली, ‘बोलाय येत न्हाय तर न्हाय. हात चांगला हाय.’ हे आबा मला कितीदा सांगायचे, प्रत्येक वेळी डोळे पुसत. त्या हातावर तू घरात आलीस, आई. म्हणून मला एवढं लागतंय.

चीनशी लढाई झाली ते वर्ष मला आज सारखं आठवतंय, का कोण जाणे. का ते माहीत आहे खरं तर, तेव्हासुद्धा किमोनो असाच पट्ट्या होऊन पडला होता. मी शाळेत होते, दुसरी-तिसरीत. नळावर बायका तुला ‘चिनीण’ म्हणायला लागल्या. आधीही म्हणायच्या, पण तेव्हा हसून म्हणायच्या. शाळेत माझ्या डोळ्यांवरून पोरांनी गाणं केलं. एका दुपारी चौकीतला माणूस आला, कागद बघायला मागितले. कागद बघून त्याचं समाधान होईना, ट्रंक उघडा म्हणाला. मी तुझ्या पदराच्या मागं. तुला आता नेणार, हे मला पक्कं कळलं होतं. तू ट्रंक उघडलीस, त्यात वर घडी केलेलं निळं कापड. ‘कापाड हाय नुसतं,’ तू म्हणालीस, ‘बघा की.’ तुझा आवाज एवढा साधा होता की तो माणूस जरा ओशाळलाच. तू माघाची वाट न बघता आधीच तो उसवून ठेवला होतास, हे मला त्या क्षणी कळलं. आबा अडतीवरून धावत आले, अंगात जुनी खाकी चढवून, पलटणीतली, आणि दारात सावधान उभे राहिले.  तो माणूस चहा न घेता गेला.

त्यानंतर कितीतरी महिने तू तो शिवलाच नाहीस. मी शाळेतून आले की आधी ट्रंक उघडून बघायची. पट्ट्या असल्या की मला भीती वाटायची, ही आता कधीच शिवणार नाही, हिचं मन गेलं इथून. आणि शिवलेला सापडला तर, ही तो घालून निघून जाईल. दोन्हीकडून जीव टांगलेला. अभ्यासात लक्ष नाही, जेवण जात नाही, तू माझी दृष्ट काढून टाकायचीस. मग एके दिवशी बघते तर तू दारात बसून शिवतेयस. खांद्याला आतून आबांच्या त्याच खाकीचा तुकडा. मी विचारलं, हा कशाला? ‘खांदा फाटलाय. ह्यांची खाकी मजबूत हाय,’ एवढंच म्हणालीस आणि सुईत दोरा ओवायला माझ्याकडे दिलीस. मी घरामागं जाऊन पोटभर रडले. माझ्या अख्ख्या लहानपणात मला एवढं हलकं कधी वाटलं नसेल.

सून म्हणते, ‘आत्या, सांगून टाका की तिला. उसवलाय म्हणावं, चूक झाली. त्यात काय फासावर देत्यात व्हय?’ तिचं बरोबर आहे. तिला माझ्यासारखं कुथत बसायला जमत नाही. पण सांगितलं की ती मुलगी म्हणणार, मग राहू द्या मावशी. गोडच बोलेल, पण न्यायची नाही. आणि त्या मोठ्या दालनात बाहुलीवाली असेल, चित्रवाली असेल, तणांची फुलं मांडणारी असेल, तू नसशील. कोल्हापुरात एक अशी बाई होती हे कुणाला कळणार नाही. पुन्हा एकदा तू दार लावून भिंतीकडे तोंड करून बसणार, आणि ते दार या वेळी मी लावलेलं असेल. हे मला सहन होईना.

म्हणून मी शिवायला बसले; हे पुढचं रविवार उलटून गेल्यावर लिहितेय. माझा हात तुला ठाऊक आहे. मी गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज शिवले, क्लास काढला, पेठ वडगावहून पोरी यायच्या माझ्याकडे कटोरी आणि प्रिन्सेस कट शिकायला. तू मात्र माझं काम हातात घेऊन उलटं करून बघायचीस आणि तोंड वाकडं करायचीस. मापाबाहेरचं कापड मी कापून टाकते हे तुला पाप वाटायचं. आणि मशीनचा दाट टाका तर डोळ्यांसमोर नको असायचा. ‘टाका आसा घालायचा,’ तू म्हणायचीस, ‘उसवताना कापडाला कळाय नगं.’ मी एकदा क्लासातल्या पोरींसमोर उलटून बोलले, की माझ्या गिऱ्हाइकांना न उसवणारी शिवण हवी असते.  दुसऱ्या दिवशी तुझी ती चिमटा-कात्री माझ्या मशीनवर ठेवलेली होती. रागानं दिलीस की मायेनं, मला आजवर कळलं नाही. हा किमोनो मी तिनंच उसवला.

महाद्वार रोडवरून पांढरा दोरा आणला. तो फारच पांढरा निघाला, तुझा जुना दोरा पिवळसर होता. मग चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला. लबाडी तिथंच सुरू झाली, ते मला कळत होतं. पट्ट्या खिडकीशी नेल्या, उजेडात तिरक्या धरल्या, आणि आई, तिथं तुझे टाके होते. दोरा नव्हता, पण ट्रंकेत पडून राहिलेल्या इतक्या वर्षांत जिथं जिथं दोऱ्यानं कापड झाकलं होतं तिथं निळा रंग कमी विटला होता. बारीक बारीक गडद रेघा, तांदळाएवढ्या, ओळीनं.  माझ्या धुण्यात आणि पेजेतसुद्धा त्या टिकल्या होत्या. मी चष्म्यावर दुसरा चष्मा लावला, हो, सून हसली, आणि रेघेवर रेघ घालत बसले. तुझ्या टाक्याच्या जागी माझा टाका. सुई कुठं शिरायची ते तूच सांगत होतीस, मी नुसती मागून येत होते. खांद्याला गोपद्मं निघाली. पाठीवर शेत निघालं, पण मधोमध एक ओळ मोडून नदीसारखं काहीतरी वळण होतं. ते मला माहीत नव्हतं. तुझी नदी की पंचगंगा, कोणाला विचारू? मशीन मी त्या तीन दिवसांत जुन्या चादरीखाली झाकून ठेवली होती, मोह नको म्हणून.

अडलं ते डाव्या बाहीपाशी. तिथलं निळं कापड पार विरलं होतं, म्हणून शेवटच्या वर्षी तू माझ्या क्लासातलं पांढरं कात्रण तिथं लावलं होतंस, आणि पांढऱ्याला विटायला रंगच नव्हता. त्यामुळे तिथं रेघा उमटल्याच नव्हत्या. उलटं केलं, सुलटं केलं, पाणी शिंपडून बघितलं. काही नाही. काय घातलं होतंस तिथं? तेव्हा तू आजारी पडायला लागली होतीस, कुणाला सांगितलं नव्हतंस. मी क्लासात गुंतलेली, तुझ्याकडे बघायला सवड कुणाला होती? सुनेनं काढलेला फोटो मोठा करून बघितला, त्यात बाहीची आतली बाजू येतच नाही. शनिवार संपत आला होता. शेवटी मी डोळे मिटून बसले आणि जे मनात आलं ते घातलं. गुळाच्या बाजारातली ती आपली खोली, तिचा उंबरा, बाहेरची पायरी, अशा आडव्या-उभ्या ओळी. नक्षी म्हणून काही धड नाही. हातही साथ देईना, संधिवातानं बोटं वाकलीत, टाके वरखाली गेले. दोनदा उसवून परत घातले. तिसऱ्यांदा तसेच राहू दिले.

रविवारी ती मुलगी आली. तरुण आहे, नम्र आहे, चप्पल बाहेर काढून आली आणि आधी माझ्या पाया पडली, त्यामुळे माझी आणखीच पंचाईत झाली. हातात पातळ मोजे चढवून तिनं किमोनो उलटा करून पलंगावर पसरला. मी स्वयंपाकघरात गेले, विनाकारण पोहे परतत बसले. आता ओरडेल, मग ओरडेल. आवाज येईना तेव्हा बाहेर आले. ती खाली गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, मावशी, काय हात होता हो तुमच्या आईचा. सून माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलंच नाही.

मग ती मुलगी डाव्या बाहीपाशी आली आणि थांबली.  मी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. ‘इथं मात्र वेगळं आहे,’ ती म्हणाली. ‘बाकी सगळीकडे ओळ इतकी स्थिर, आणि इथं हात थरथरलाय. बघा ना. असं का असेल?’

हीच वेळ होती सांगायची. सुनेनं मागून मला कोपरसुद्धा लावलं. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, ‘वय झालं होतं तिचं.’

तिनं मान डोलावली. म्हणाली, मला ही बाहीच सगळ्यात जास्त आवडली, हीच समोर येईल अशी टांगू. मऊ कागदात गुंडाळून ती किमोनो घेऊन गेली. सून दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही, आता बोलायला लागलीय. हे पत्र मी तिच्या हाती लागू देणार नाही, लागलं तर ती तडक पुण्याला फोन करेल, आणि तिनं करावा असंही मला कधी कधी वाटतं. प्रदर्शन सुरू व्हायचंय. रोज फोन वाजला की दचकते, कुणी जाणकार बाई येऊन म्हणेल, हे टाके ताजे आहेत.

तू साठीसुद्धा बघितली नाहीस, आई. केस काळे होते, हात सरळ होता, तशीच गेलीस; वय झालंय ते माझं. खोटं बोलले, आणि लाज वाटायला हवी होती. पण ते वाक्य तोंडातून गेलं तेव्हा क्षणभर तू माझ्यासमोर म्हातारी झालीस, माझ्याएवढी, वाकड्या बोटांची, इथंच कोल्हापुरात राहिलेली. मला ते फार आवडलं. तेवढ्यासाठी मी ते परतही बोलेन.